टाळ्यांचे शिबिर आणि कामाचे शिबिर



या व्यासपीठावर उभे राहताना आमची थोडी पंचाईत झाली आहे, ती आधीच कबूल करून टाकतो. संस्थांच्या सेवकांना व स्वयंसेवकांना शिकवावे कसे, हा आमचा आजचा विषय. त्यात आमचे मुख्य म्हणणे असे की, एकाने उंचावर उभे राहून तासभर बोलावे आणि बाकीच्यांनी खाली बसून ऐकावे, या रीतीने कोणालाही कोणतेही काम करता येऊ लागत नाही. आणि हेच आम्ही आज उंचावर उभे राहून तासभर सांगणार आहोत! परंतु व्याख्यान हे व्याख्यानाच्या जागी चांगलेच आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांनी ऐकावे, विचार करावा, घरी जाताना वाद घालावा म्हणून. ऐकून उठलेला माणूस विचार करू लागला की व्याख्यानाचे काम झाले. शिबिरातून उठलेल्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी करावयाचे असते. घोटाळा होतो तो येथे. आम्ही शिबिर म्हणून जे भरवतो, ती बहुतेक वेळा व्याख्यानमालाच असते; मध्ये जेवण असते, एवढाच काय तो फरक.

आपणांपैकी कित्येकजण कोणत्या ना कोणत्या संस्थेत आहात. कोणी वाचनालय चालवता, कोणी रुग्णसेवेचे काम करता, कोणाचे महिला मंडळ आहे. तेव्हा आमच्या संघटनेची गोष्ट सांगितली तरी ती आपल्या ओळखीचीच वाटेल.

काही वर्षांपूर्वी आम्ही ठेक्यावरील कामगारांतल्या चाळीस कार्यकर्त्यांचे दोन दिवसांचे शिबिर भरवले. सुरक्षारक्षक, सफाई कामगार, रुग्णालयांतील वॉर्डबॉय आणि आया अशी सारी मंडळी. सभागृह घेतले, फलक लावला, प्रत्येकाला वही व पेन दिले. तीन वकील आणले. तिघेही विद्वान, तिघेही आमच्या बाजूचे. त्यांनी कलमे सांगितली, निकाल सांगितले, कामावरून कमी करण्याची कायदेशीर रीत कोणती ते सांगितले. शेवटी अभिप्रायाचे कागद वाटले. जवळजवळ सर्वांनी लिहिले : फार उपयुक्त, असे शिबिर दरवर्षी व्हावे. आम्ही खूश होऊन घरी गेलो.

त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी एका मोठ्या आस्थापनेतील आमच्या एका सुरक्षारक्षकाला ठेकेदाराच्या माणसाने कचेरीत बोलावले. या गृहस्थांची तेथे नऊ वर्षे नोकरी झालेली. सारे त्यांना मामा म्हणत. समोर इंग्रजीत टाइप केलेला कागद ठेवला. जुना ठेका संपत आहे, नव्या ठेक्यात नाव घालायचे तर येथे सही करा, असे सांगितले. मामांनी शहाणपण असे केले की, बाहेर येऊन आमच्या कार्यकर्त्याला फोन लावला. हा कार्यकर्ता शिबिरात पहिल्या रांगेत बसलेला. सर्वांत चांगला प्रश्न त्यानेच विचारला होता. तो फोनवर म्हणाला, "मामा, करून टाका सही. आपले वकीलसाहेब आहेत, मागाहून बघू."

तो कागद राजीनाम्याचा होता.

नव्या ठेक्याच्या यादीत मामांचे नाव नव्हते. राजीनामा दबावाने घेतला हे सिद्ध करण्याचे ओझे मामांवर आले. कचेरीत तर ते आणि तो माणूस असे दोघेच. साक्षीदार कुठून आणावा? आम्ही भांडलो. दीड वर्षाने उपदान आणि रजेचे पैसे मिळाले. नोकरी मिळाली नाही. मामा पुढे दुसरीकडे बारा तासांच्या पाळीवर लागले, आधीपेक्षा कमी पगारावर.

आम्ही त्या कार्यकर्त्यावर रागावलो. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "भाऊ, तुम्ही कलमं सांगितलीत. समोर कागद आला तर हात कुठं ठेवायचा, ते नाही सांगितलंत."

हे वाक्य आम्हांला झोपू देईना. शिबिराची कार्यक्रमपत्रिका काढून पाहिली. तीत लिहिले होते : विषय, कामगार कायदे. वेळ, दहा ते साडेअकरा. वक्ते, अमुक. विषय होता, वेळ होती, वक्ते होते. पण शिबिराला आलेल्या माणसाने घरी गेल्यावर काय करावे, याची एक ओळही त्या पत्रिकेत नव्हती. आम्ही विषय शिकवला होता, काम शिकवले नव्हते. आणि अभिप्रायाच्या कागदावर लोकांनी आमच्या जेवणाला आणि आमच्या हेतूला गुण दिले होते.

तेव्हापासून आम्ही पत्रिका उलट्या टोकाकडून लिहितो. आधी विचारतो, हा माणूस शिबिरानंतर पंधरा दिवसांत कोणत्या प्रसंगात सापडणार आहे? त्या प्रसंगात त्याने नेमके काय करावे? ते करण्यासाठी त्याला किती माहिती लागेल? तेवढीच माहिती ठेवतो, बाकीची काढून टाकतो. काढून टाकताना फार जीवावर येते, हे सांगितले पाहिजे. जे आम्ही रात्र रात्र बसून वाचले, ते सारे सांगावेसे वाटते. ज्याने शाळेबाहेर धडपडून विद्या मिळवली त्याला तर ती दाखवण्याची हौस अधिकच असते. आम्ही स्वतःवरून सांगतो.

कागदाच्या प्रसंगाचे आता काय करतो, ते सविस्तर सांगतो. एक टेबल मांडतो, दोन खुर्च्या. बारा-पंधरा माणसे भोवती बसतात. त्यांतलाच एकजण साहेब होतो. श्रोतेहो, आमच्या लोकांनी साहेबाचे सोंग किती हुबेहूब आणावे! वर्षानुवर्षे दारात उभे राहून त्यांनी साहेबाला पाहिलेले असते. त्याचे फोन ठेवणे, त्याचे चष्म्यावरून बघणे, सारे पाठ असते. जलसे, कलापथके, तमाशा पाहत वाढलेल्या या मुलखात सोंगाला माणसे कमी पडत नाहीत. मग एकेकाला आत बोलावतो आणि समोर इंग्रजी कागद ठेवतो.

हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा बाराजण आत गेले. त्यांतल्या नऊजणांनी सही केली. खोटा साहेब, खोटा कागद, भोवती आपलीच माणसे. तरी सही केली! आम्ही विचारले, का केलीत? एक सफाई कामगार बाई म्हणाल्या, "त्यांनी बसा म्हटलं ना भाऊ. एवढ्या वर्षांत कुणी बसा म्हटलं नव्हतं. मग नाही कसं म्हणायचं?"

ही गोष्ट कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही, आणि तिन्ही वकिलांना ती ठाऊक नव्हती. खुर्ची आणि चहाचा कप पुढे आला की आमच्या माणसाचे अर्धे बळ जाते. तेव्हा शिकवायचे ते हे : बसावे, चहाही घ्यावा, आणि "वाचून दाखवतो, उद्या सांगतो" एवढे चार शब्द म्हणावेत. कागदाची प्रत मागावी. देत नसतील तर फोटो मागावा. बाहेर येताच तारीख, वेळ आणि खोलीत कोण कोण होते ते लिहून ठेवावे. सही झालीच असेल तर त्याच दिवशी, ती कशी घेतली हे लिहून पत्र धाडावे आणि पोच जपून ठेवावी. प्रत्येकाने तीन-तीनदा आत जाऊन हे केले. तिसऱ्या वेळी साहेब झालेला गडी ओरडला, टेबलावर हात आपटला, तरी कोणी सही केली नाही. याला दीड तास लागला. वकिलांच्या पहिल्या भाषणालाही तेवढाच लागला होता.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने २९ केंद्रीय कामगार कायदे जाऊन त्यांच्या जागी चार संहिता आल्या. त्या बऱ्या की वाईट, हा वेगळा वाद आहे आणि आमचे मत आपणांस ठाऊकच असेल. परंतु चाळीस जणांनी चाळीस वह्यांत उतरून घेतलेली आमची कलमे त्या दिवशी निकालात निघाली. त्याआधी १ सप्टेंबर २०२५ ला टपालखात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिळवून टाकले. म्हणजे "पत्र रजिस्टरने धाडा" हे आमच्या टिपणातले वाक्यही बदलावे लागले. पण न वाचता सही न करणे, प्रत मागणे, पोच जपणे यांतले काहीच बदलले नाही. मग शिबिरात वेळ कशाला अधिक द्यावा?

हे काही आम्ही शोधून काढलेले नाही. मागाहून वाचू लागलो तेव्हा कळले की, शहाण्यांनी हे कधीच करून ठेवले आहे. गंमत अशी की, त्यांतले एक शहाणपण मालकांच्या बाजूचे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांतले कसबी कामगार फौजेत गेले आणि नवखी माणसे, त्यांत पुष्कळ स्त्रिया, यंत्रांवर आली. त्यांना झटपट शिकवणार कोण? तेव्हा १९४० ते १९४५ या काळात सरकारने मुकादमांना व फोरमनना 'शिकवावे कसे' हे शिकवण्याची मोहीम काढली आणि दहा लाखांहून अधिक लोकांना तयार केले. एका वर्गात सुमारे दहाजण, दोन-दोन तासांच्या पाच बैठका, बस्स. पद्धत चार पायऱ्यांची. आधी शिकणाऱ्याची भीड मोडा आणि त्याला किती येते ते काढून घ्या. मग काम एकेक पायरीने करून दाखवा. मग त्याच्याकडून करवून घ्या, आणि करताना तो काय करतो आहे ते त्यालाच बोलायला लावा. शेवटी त्याला एकट्याला सोडा, पण मधूनमधून येऊन पाहत जा. शिकणाऱ्याला आले नाही तर शिकवणाऱ्याने शिकवले नाही, असे त्या मोहिमेचे सूत्रच होते. आमच्यातले काही मित्र म्हणाले, ही भांडवलदारांची युक्ती. असेना का! विहिरीवरचा रहाट पाटलाचा म्हणून पाणी प्यायचे नाही, असे आमचे धोरण नाही.

दुसरा दाखला आमच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात टेनेसी राज्यात माइल्स हॉर्टन यांनी १९३२ मध्ये सहकाऱ्यांसह हायलँडर नावाची एक लोकशाळा काढली. आरंभी ती कामगार संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी होती. पुढे काळ्या लोकांच्या हक्कांच्या चळवळीचे ते एक विद्यापीठच झाले. रोझा पार्क्स १९५५ च्या उन्हाळ्यात तेथे शिबिराला गेल्या होत्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांनी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला.

दक्षिण कॅरोलायनात चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स बेट आहे. तेथील काळ्या शेतकऱ्यांना आणि मोलकरणींना मतदारयादीत नाव घालायचे तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवावा लागे. वाचता येत नाही, म्हणून मत नाही. इसॉ जेंकिन्स नावाचे गृहस्थ बेटावरून शहरात कामाला जाणाऱ्या लोकांची बस चालवत. ते बसमध्येच लोकांना उतारा शिकवू लागले. परंतु पाठ होणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे. तेव्हा हायलँडरकडे मदत मागितली. त्या बेटावर प्रौढांचे वर्ग पूर्वी निघाले होते आणि बंद पडले होते. का, याची चौकशी हॉर्टन यांनी केली, तेव्हा कळले की मोठ्या माणसांना लहान मुलांच्या बाकड्यांवर बसवत होते! पाय मावत नाहीत, अंग आखडते, आणि मुले हसतात. माणूस दुसऱ्या दिवशी कशाला येईल?

सेप्टिमा क्लार्क या चळवळीतल्या शिक्षिका. संघटनेचे सभासदत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली होती. नंतर त्या हायलँडरमध्ये आल्या. वर्ग चालवायला त्यांनी मुद्दामच पेशाची शिक्षिका निवडली नाही. बर्निस रॉबिन्सन या त्यांच्या नात्यातल्या. केशभूषा व शिवणकाम करून पोट भरणाऱ्या. जानेवारी १९५७ मध्ये एका सहकारी दुकानाच्या मागच्या खोल्यांत वर्ग सुरू झाला. पुढे वाण्याचे दुकान ठेवले, म्हणजे गोऱ्यांचे लक्ष जाऊ नये. रॉबिन्सनबाईंनी पहिल्या रात्री धडा काढला नाही. आपण काही शिक्षिका नाही, आपण मिळून शिकू, असे सांगून त्यांनी लोकांना विचारले, तुम्हांला काय शिकायचे आहे? कोणी म्हणाले, स्वतःचे नाव लिहायचे. कोणाला बायबल वाचायचे होते, कोणाला मनिऑर्डरचा फॉर्म भरायचा होता. तेच फॉर्म क्रमिक पुस्तक झाले. नाव, मनिऑर्डर, मग मतनोंदणीचा अर्ज, मग घटनेचा उतारा. एका बेटावरून ही शाळा दक्षिणेत शेकडो गावांत गेली. टेनेसी सरकारने १९६१ मध्ये हायलँडरची सनद रद्द करून शाळा जप्त केली. पण तोवर हे वर्ग मार्टिन लूथर किंग यांच्या संघटनेने चालवायला घेतले होते. आणि शिकवायला कोण होते? केस कापणाऱ्या, शिंपीकाम करणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या बायका.

आपल्याकडेही हे बीज जुने आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. रात्रीची, कारण दिवस त्यांचा नव्हता. केंद्र सरकारचे कामगार शिक्षण मंडळ १९५८ मध्ये नागपूर येथे स्थापन झाले, त्याच्या योजनेचा गाभाही हाच होता : अधिकाऱ्यांनी निवडक कामगारांना शिकवावे, त्यांनी कामगार-शिक्षक होऊन आपापल्या कारखान्यात बाकीच्यांना शिकवावे. योजना उत्तम. ती कागदावर किती राहिली आणि खात्यात किती उतरली, याचा हिशेब ज्याने त्याने आपल्या अनुभवाने करावा.

आता बारीकसारीक गोष्टी. पण शिबिर बिघडते ते बारीकसारीक गोष्टींनीच.

वेळ ठरवताना वक्त्याला विचारू नये, येणाऱ्याला विचारावे. सफाई काम करणाऱ्या बाया पहाटे कामाला लागतात. दुपारी दोन ते चार एवढीच त्यांची फट; साडेचारला पाणी येते. सकाळी अकराचे शिबिर ठेवून "बायका येत नाहीत" असा ठराव करणारी समिती आम्ही पाहिली आहे. रात्रपाळी करून आलेला रक्षक पहिल्या रांगेत पेंगला, तर त्याचा राग धरू नये. त्याच्यासाठी उभ्याने करण्याचे काम काढावे.

"समजलं का?" हा प्रश्न आम्ही आमच्या शिबिरांतून हद्दपार केला आहे. त्याचे उत्तर ठरलेले आहे. सारे माना डोलावतात. न समजलेला माणूस सर्वांत आधी मान डोलावतो. त्याऐवजी शेजारच्या ताईला समजावून सांगा, असे म्हणावे. मग तिने आम्हांला सांगावे. जिथे अडेल तिथे आमचे शिकवणे अडले असे समजावे.

वाचता न येणाऱ्याला सर्वांसमोर उघडे पाडू नये. चिठ्ठीवर नाव लिहा, अशी सुरुवात केली की तीनजण पाणी प्यायला बाहेर जातात आणि परत येत नाहीत. त्याला हिशेब मात्र पक्का येतो, हे लक्षात ठेवावे. पगारचिठ्ठी शिकवताना आम्ही ज्याची त्याची चिठ्ठी घेऊन यायला सांगतो. भविष्यनिधीसाठी मूळ पगार आणि महागाईभत्त्यावर शेकडा १२. बारा हजारांवर १,४४० रुपये. राज्य विमा योजनेचे शेकडा पाऊण. चौदा हजारांवर १०५. एवढे बोलल्यावर लोक आपली चिठ्ठी पाहू लागतात. मग मोबाइलवर भविष्यनिधीचे खाते उघडतो आणि कापलेले पैसे तेथे पोचले की नाही ते पाहतो. एका वर्गात सातजणांचे चार महिन्यांचे पैसे पोचले नव्हते. त्या दिवशी पुढचा विषय झालाच नाही. अर्ज लिहिण्यातच वेळ गेला, आणि ते शिबिर आमच्या लेखी सर्वांत चांगले.

पगारी सेवक आणि स्वयंसेवक यांत एक फरक आहे. पगारी सेवक कंटाळला तरी बसून राहतो. स्वयंसेवक कंटाळला की त्याच्या घरी पाहुणे येतात. म्हणून स्वयंसेवकाचे येणे हाच अभिप्राय मानावा. कागद वाटण्याची गरज नाही. आणि त्याला काम शिकवल्यावर आठवड्याच्या आत ते काम द्यावे. प्रथमोपचार शिकवलेल्या पोरांना वर्षभर कोणी पट्टी बांधू दिली नाही, तर ती पट्टी कुठे बांधायची हे विसरणार. छाती दाबून हृदय चालू करण्याची कृती घ्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, तीस दाबांनंतर दोन श्वास, हे फळ्यावर लिहिता येते. पण किती जोर लागतो ते पुतळ्यावर हात ठेवल्याखेरीज कळत नाही. आणि दोन मिनिटांत आपण किती दमतो, तेही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो खोटा नाही. पंधरा-पंधराच्या टोळ्या करायच्या तर खर्च आणि वेळ तिप्पट. देणगीदार विचारतो, किती लोकांना प्रशिक्षण दिलेत? चारशे म्हटले की त्याला समाधान, पंधरा म्हटले की भुवया वर. आमच्याजवळ याला पक्के उत्तर नाही. आम्ही एवढेच करतो की, दोन महिन्यांनी पुन्हा त्याच पंधराजणांकडे जातो, कोणी काय केले ते विचारतो, आणि ते लिहून देणगीदाराकडे धाडतो. एकदा असे लिहून धाडले की, पंधरांपैकी सहाजणांनी काहीच केलेले नाही. आमच्या चिटणीसांना वाटले, आता पैसे बंद. पैसे चालू राहिले. त्यांनी फक्त विचारले की त्या सहांचे काय करणार? हा प्रश्न आम्ही आमच्या संघटनेत कधी विचारला नव्हता. चौकशी केली, तर चौघांना कामाच्या जागी एकटे काढले होते, आणि एकटा माणूस शिकलेले वापरायला भितो. आता आम्ही एका ठिकाणाहून दोघांना बोलावतो. एकाला कधीच नाही.

मामांचे सांगायचे राहिले. आम्हांला त्यांच्यासमोर जायला लाज वाटे. दोन वर्षांपूर्वी धीर करून त्यांना म्हटले, तुमची गोष्ट आम्ही वर्गात सांगतो, चालेल ना? ते म्हणाले, तुम्ही कशाला, मीच येतो. आता सुट्टीच्या दिवशी ते येतात आणि साहेब होतात. तो कागदही त्यांनी जपून ठेवला आहे. त्याचीच छायाप्रत आम्ही टेबलावर ठेवतो. ते खुर्ची पुढे सरकवतात, "बसा" म्हणतात, चहा मागवतात. अजूनही पहिल्या वेळी निम्मे लोक सही करतात.

येत्या रविवारी दुपारी दोन वाजता आमच्या कचेरीत असा वर्ग आहे. आपल्या संस्थेतल्या कोणाला पाहायला यायचे असेल तर दोघांनी मिळून यावे. बसायला सतरंजी आहे. वही आणू नये. पगारचिठ्ठी असेल तर ती आणावी.